लघवीचे दोन रिपोर्ट, दोन निकाल: खरा कोणता?

एका मुलाने आईबद्दल विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. आई ६४ वर्षांच्या, डोंबिवलीला राहतात, बरीच वर्षं मधुमेह आहे. वार्षिक तपासणीत लघवीचा रुटीन केला. सॅम्पल सकाळी घरी येऊन नेलं होतं. रिपोर्टमध्ये पीएच ८.५, प्रोटीन १+, साखर ४+, नायट्राइट पॉझिटिव्ह, पस सेल्स (पुवातल्या पांढऱ्या पेशी) ८ ते १०, एपिथेलियल सेल्स (त्वचेच्या, आतल्या अस्तराच्या पेशी) १५ ते २०, बॅक्टेरिया ++ आणि ट्रिपल फॉस्फेटचे क्रिस्टल्स. चार दिवसांनी त्या लेकीकडे दादरला आल्या, तिथल्या गल्लीतल्या छोट्या लॅबमध्ये पुन्हा तपासली: पीएच ६, प्रोटीन नील (म्हणजे अजिबात नाही), नायट्राइट निगेटिव्ह, पस सेल्स १ ते २. साखर मात्र तिथेही ४+. मधे औषध बदललं नाही, अँटिबायोटिक घेतलं नाही. जळजळ नाही, ताप नाही. उपाशीपोटी रक्तातली साखर ११८. विचारलंय ते असं: चुकीचा रिपोर्ट कोणाचा, अँटिबायोटिकचा कोर्स करायचा का, आणि रक्तात साखर ताब्यात असताना लघवीत एवढी कुठून आली?

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, उमेदीची सगळी वर्षं मुंबईतल्या लॅबमध्ये गेली. माझ्या मते दोन्ही लॅबनी आपापल्या डबीत जे दिसलं तेच लिहिलंय. फरक डबीत होता.

लघवी बाहेर पडली तरी तिच्यातल्या घडामोडी थांबत नाहीत. त्वचेवरचे, योनिमार्गातले थोडे जंतू डबीत येतातच. त्यांना उबदार हवा आणि वेळ मिळाला की ते वाढतात. त्यातले काही जंतू युरिया फोडून अमोनिया करतात आणि लघवी अल्कधर्मी होते. अल्कधर्मी लघवीत पेशी फुटतात, कास्ट (मूत्रपिंडाच्या नलिकांतून येणारे साचे, त्यांच्याबद्दल पुढे) विरघळतात. काही जंतू नायट्रेटचं नायट्राइट करतात. साखर असेल तर ती खातात. कीटोन (शरीर चरबी जाळतं तेव्हा तयार होणारी द्रव्यं) उडून जातात, बिलिरुबिन (पित्तातलं पिवळं द्रव्य) उजेडात नासतं. म्हणून नियम असा की लघवी दोन तासांच्या आत तपासायची, जमत नसेल तर २ ते ८ अंशांवर फ्रिजमध्ये ठेवायची. फ्रिजचाही एक त्रास आहे: गार लघवीत युरेट आणि फॉस्फेटचा गाळ बसतो आणि ती गढूळ दिसते. तपासण्याआधी ती खोलीच्या तापमानाला आणून हलवून घ्यावी लागते. तरी गाळ परवडला, वाढलेले जंतू नाही.

आता डोंबिवलीहून निघालेल्या डबीचा प्रवास मनाशी धरा. कलेक्शनचा मुलगा साडेसहाला येतो, त्याच फेरीत आणखी चार-पाच घरं करतो, सेंटरवर सगळं जमा होतं, तिथून पिशवी मुख्य लॅबला जाते. रक्ताच्या नळ्या बर्फाच्या पॅकजवळ, लघवीच्या डब्या बऱ्याचदा वरच्या कप्प्यात. मशीनवर लागेपर्यंत दुपार. मे महिन्याच्या घामट हवेत सहा तास म्हणजे जंतूंना मोकळं रान. त्यात डबीत साखर ४+, म्हणजे खाऊची सोयसुद्धा. तुमच्या आईंच्या सॅम्पलचं नेमकं हेच झालं असं मी शपथेवर सांगणार नाही, पण पहिल्या रिपोर्टमधल्या ओळी एकमेकींशी ताडून पाहिल्या तर त्या तिकडेच बोट दाखवतात.

पीएच ८.५ घ्या. माणसाच्या ताज्या लघवीचा पीएच साधारण ४.५ ते ८ मध्ये असतो, सकाळच्या पहिल्या लघवीचा बहुधा ६ च्या आसपास. ८.५ दिसला की दोनच शक्यता आधी तपासायच्या: युरिया फोडणारे जंतू मूत्राशयात आहेत, किंवा डबीत वाढलेत. प्रोटियससारखा जंतू मूत्राशयात ठाण मांडून बसला असता तर सहसा पस सेल्सचा खच पडतो, त्रासही होतो, आणि औषधाशिवाय चार दिवसांत पीएच ६ वर येऊन पस सेल्स नाहीशा होण्याची शक्यता फार कमी. ट्रिपल फॉस्फेटचे क्रिस्टल्सही अल्कधर्मी लघवीतच बनतात. सूक्ष्मदर्शकाखाली शवपेटीच्या झाकणासारखे दिसतात, रिपोर्टमध्ये नाव छापून आलं की लोक सोनोग्राफीला धावतात. शिळ्या लघवीत ते बाहेर डबीतच तयार झालेले असू शकतात, त्यावरून मुतखडा ठरत नाही.

प्रोटीन १+ चं उत्तरही त्याच पीएचमध्ये आहे. स्ट्रिप म्हणजे लघवीत बुडवून रंग पाहायची पट्टी. तिच्यावरचा प्रोटीनचा चौकोन प्रोटीन थेट मोजत नाही. त्यात एक रंगद्रव्य असतं आणि त्याचा पीएच ३ च्या आसपास धरून ठेवणारा बफर. अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रोटीन) त्या रंगद्रव्याला चिकटलं की पीएच न बदलताही रंग पिवळ्याचा हिरवट होतो. पण लघवीच फार अल्कधर्मी असेल तर बफर हरतो, आणि प्रोटीन नसताना चौकोन हिरवा होतो. म्हणून पीएच ८ च्या वर असताना स्ट्रिपचं प्रोटीन मी दुसऱ्या पद्धतीने पडताळल्याशिवाय सही करत नाही. जुनी पद्धत सोपी आहे: ३ टक्के सल्फोसॅलिसिलिक ॲसिड घालायचं आणि गढूळपणा येतो का पाहायचं. किंवा परीक्षानळीचा वरचा भाग तापवायचा, पांढरं आलं तर ॲसेटिक ॲसिडचे थेंब टाकायचे. विरघळलं तर फॉस्फेट, राहिलं तर प्रोटीन. पाच मिनिटांचं काम आहे, पण दिवसाला शेकडो डब्या असलेल्या ठिकाणी ते कोणी करत नाही. गल्लीतल्या छोट्या लॅबला लोक नाकं मुरडतात, पण रुटीनच्या बाबतीत माझा कौल तिलाच: डबी तिथे दहा मिनिटांत टेबलावर असते.

त्या पडताळणीचा आणखी एक उपयोग आहे. स्ट्रिप मुख्यतः अल्ब्युमिन पकडते. मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगात लघवीत येणारी बेन्स जोन्स प्रथिनं तिच्या नजरेतून सुटतात. साठीच्या माणसाला पाठदुखी, रक्त कमी, स्ट्रिप निगेटिव्ह आणि ॲसिडने मात्र नळी दुधासारखी पांढरी, अशी जोडी दिसली की त्या पेशंटच्या डॉक्टरांना रिपोर्ट जाण्याआधी फोन करायचा असतो.

खरं सांगायचं तर पहिल्या रिपोर्टमधली मी सर्वात आधी वाचली ती ओळ पीएचची नव्हे, एपिथेलियल सेल्सची. १५ ते २० स्क्वेमस पेशी याचा अर्थ डबीत बाहेरच्या त्वचेचं आणि योनिमार्गाचं धुवण आलंय. त्याच्याबरोबर तिथल्या पांढऱ्या पेशीही आल्या आणि जंतूही. मग ८ ते १० पस सेल्स मूत्राशयातल्या की बाहेरच्या, हे सांगायला काहीच आधार उरत नाही. दुसऱ्या रिपोर्टमधला या ओळीचा आकडा तुम्ही लिहिलेला नाही, तो बघा. २-३ च्या आसपास असेल तर सॅम्पल स्वच्छ होतं असं धरायला हरकत नाही.

सॅम्पल द्यायचं कसं हे कोणी नीट सांगतच नाही. डबी हातात ठेवतात आणि 'सकाळची आणा' म्हणतात. बायकांनी आधी साध्या पाण्याने धुवावं, डेटॉल-सॅव्हलॉन काही नको. सुरुवातीची लघवी भांड्यात सोडायची, धार न थांबवता मधली डबीत धरायची, डबीच्या आतून बोट लागू द्यायचं नाही, शेवटची पुन्हा भांड्यात. पाळी चालू असेल तर रुटीन पुढे ढकलावा, नाहीतर रक्त पॉझिटिव्ह येणारच. गुडघे धरलेल्या आजी भारतीय पद्धतीच्या संडासात बसून हे कसं करणार, हा अगदी रास्त प्रश्न आहे. मग त्या न्हाणीघरातल्या मगमध्ये लघवी धरतात आणि मगमधून डबीत ओततात. ब्लीचिंग पावडरने धुतलेल्या मगमुळे स्ट्रिपवर साखर आणि रक्त दोन्ही खोटे पॉझिटिव्ह येऊ शकतात. त्यापेक्षा खुर्चीवर बसवायचा कमोड किंवा डिस्पोजेबल कप बरा, आणि मदतीला सून किंवा लेक. घरातल्या खोकल्याच्या औषधाच्या बाटलीतून सॅम्पल आणणारे अजूनही भेटतात. त्या लघवीत साखर निघाली तर ती पेशंटची की सिरपची, काय सांगणार?

डबी लॅबमध्ये आली की काम तीन टप्प्यांचं असतं. रंग, गढूळपणा आणि वास हा पहिला टप्पा. तो मी फार ताणत नाही, पण मुंबईत केशरी लघवी दिसली की आधी टीबीची गोळी चालू आहे का विचारते. रिफाम्पिसिनने लघवी, घाम, अगदी अश्रूही केशरी होतात. बी-कॉम्प्लेक्सने गडद पिवळी, बीटने लालसर. चहासारखी काळपट असेल तर मात्र डबी बाजूला ठेवते.

दुसरा टप्पा स्ट्रिपचा. स्ट्रिप बुडवायची, लगेच काढायची, कड टिश्यूवर टेकवून जास्तीची लघवी टिपायची आणि आडवी धरायची, नाहीतर एका चौकोनाचं रसायन शेजारच्यात वाहतं. मग घड्याळ. बहुतेक स्ट्रिपांवर साखर ३० सेकंदांनी, कीटोन ४० नी, रक्त, पीएच, प्रोटीन आणि नायट्राइट ६० नी, ल्युकोसाइट (पांढऱ्या पेशी) पूर्ण २ मिनिटांनी वाचायचं. दोन मिनिटांनंतरचा रंग कितीही गडद झाला तरी तो धरायचा नाही. आमच्याकडच्या पावसाळ्यात तर स्ट्रिपचीच परीक्षा असते. बाटलीच्या झाकणात ओल शोषणारी पूड असते, पण कामाच्या गर्दीत झाकण उघडंच राहतं आणि दमट हवेत चौकोन आपोआप रंग बदलतात. नायट्राइटचा चौकोन अशा उघड्या राहिलेल्या स्ट्रिपवर निव्वळ हवेनेही गुलाबी होऊ शकतो. उलट बाजूही आहे: व्हिटॅमिन सीच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांच्या लघवीत साखर, रक्त आणि नायट्राइट असूनही स्ट्रिप निगेटिव्ह दाखवू शकते.

रक्ताचा चौकोन विशेष लक्ष द्यावा असा. तो लाल पेशी मोजत नाही, हीमची (हिमोग्लोबिनमधल्या लोहाच्या भागाची) रासायनिक क्रिया पकडतो. लाल पेशी, फुटलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन, स्नायूंतलं मायोग्लोबिन, तिन्हींना तो सारखाच निळा-हिरवा होतो. म्हणून स्ट्रिपवर रक्त ३+ आणि स्लाइडवर एकही लाल पेशी नाही, असं दिसलं की विचार सुरू करायचा. शिळी किंवा फार पातळ लघवी असेल तर पेशी डबीतच फुटल्या. नसेल तर रक्तात पेशी फुटताहेत का, की स्नायू तुटलेत? जानेवारीत मुंबई मॅरेथॉननंतरच्या दोन-तीन दिवसांत अशा लघव्या येतात. धावण्याने थोडं रक्त आणि प्रोटीन येऊ शकतं, ते दोन-तीन दिवसांत जायला हवं. तसंच पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालत घरी गेलेला माणूस, ताप, पोटऱ्या दुखताहेत, डोळे लाल, आणि लघवीत प्रोटीन, रक्त, बिलिरुबिन: इथे लेप्टोस्पायरोसिसचा विचार त्याच दिवशी व्हायला हवा. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने त्याची साथ पाहिली आहे.

तिसरा टप्पा सूक्ष्मदर्शकाचा, आणि माझं मन त्यातच रमतं. १० ते १२ मिलिलिटर लघवी सेंट्रिफ्यूजमध्ये पाच मिनिटं फिरवायची, वरची ओतून द्यायची, तळाशी राहिलेला थेंबभर गाळ हलवून स्लाइडवर घ्यायचा, वर कव्हरस्लिप. मग कंडेन्सर (स्लाइडखालचं उजेड गोळा करणारं भिंग) खाली आणायचा आणि उजेड कमी करायचा. भगभगीत उजेडात हायलिन कास्ट दिसतच नाहीत, काचेत काच मिसळल्यासारखे असतात. उजेड मंदावला की कडा उमटतात. कास्ट म्हणजे मूत्रपिंडाच्या नलिकेत जमून बाहेर आलेला साचा, त्यामुळे त्याचा उगम मूत्रपिंडातच असतो. ताप, दमणूक, पाणी कमी यांत एखाददुसरा हायलिन कास्ट निघाला तर काही नाही. लाल पेशींचा कास्ट निघाला तर ग्लोमेरुलोनेफ्रायटिसकडे, म्हणजे मूत्रपिंडातल्या गाळण्यांना आलेल्या सुजेकडे, जायचं, आणि ते निदान थांबून राहण्यासारखं नसतं. पण लाल पेशींचा कास्ट नाजूक असतो. सहा तासांच्या अल्कधर्मी डबीत तो उरत नाही. शिळ्या सॅम्पलचं खरं नुकसान हे आहे: खोटी पॉझिटिव्ह ओळ माणसाला घाबरवते, पण हरवलेला कास्ट कोणालाच कळत नाही.

आकड्यांबद्दल एक गोष्ट. 'पस सेल्स ८ ते १०' म्हणजे मोठ्या भिंगाच्या एका वर्तुळात सरासरी तेवढ्या दिसल्या. किती लघवी फिरवली, किती वेगाने, तळाशी किती गाळ ठेवला यावर तो आकडा हलतो. त्यामुळे एका लॅबचे ४ आणि दुसरीचे ६ यात काही फरक नाही. ५ पर्यंत नॉर्मल म्हणतो ते याच हिशोबाने.

आता साखर. तुम्ही औषधांची यादी दिलेली नाही, पण मी पैजेवर सांगते की गोळ्यांच्या पाकिटावर डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन असं 'फ्लोझिन'ने संपणारं नाव असेल. एरवी रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की ती लघवीत उतरते. या गोळ्या मूत्रपिंडाला साखर परत शोषू देत नाहीत, त्यामुळे रक्तात ११८ असताना लघवीत ४+ येतं. गोळीचं कामच ते आहे. त्या ४+ वरून साखर बिघडली असं समजून डोस वाढवू नका. आणि गोळी चालू नसेल तर मात्र हे ४+ अनाकलनीय आहे, त्याची डॉक्टरांकडे वेगळी चौकशी करा.

या गोळ्यांवर असताना दोन गोष्टी बघायच्या. एक, खालच्या बाजूला खाज किंवा पांढरं जाणं. बुरशीचा संसर्ग यात जास्त होतो, आणि आई वयाच्या मानाने मुलाला हे आपणहून सांगणार नाहीत, बहिणीला विचारायला सांगा. दुसरी, कीटोन. उपास, उलट्या, जेवण तुटणं अशा वेळी रक्तातली साखर फारशी न वाढताही या गोळ्यांवर कीटोॲसिडोसिस, म्हणजे कीटोन साठून रक्त धोकादायक इतकं आम्लधर्मी होणं, होऊ शकतो. आई नवरात्राचे नऊ दिवस धरत असतील तर आधी डॉक्टरांशी बोलून गोळीचं ठरवा. लघवीच्या स्ट्रिपवर कीटोन कमी दिसले म्हणून निर्धास्तही राहू नका. ती ॲसिटोॲसिटेट हे कीटोन पकडते, अशा वेळी रक्तात भर असते ती बीटा हायड्रॉक्सीब्युटिरेट या दुसऱ्या कीटोनची, आणि ते तिला दिसत नाही.

अँटिबायोटिक? माझ्या मते नको, आणि तुमच्या डॉक्टरांनी दोन्ही रिपोर्ट एकत्र पाहिले तर तेही बहुधा हेच म्हणतील. त्रास नाही आणि नीट घेतलेल्या सॅम्पलमध्ये पस नाही. त्रास नसलेल्या माणसाच्या लघवीत खरोखर जंतू सापडले तरी गर्भवती स्त्री किंवा मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया ठरलेली असणं असे मोजके अपवाद सोडले तर औषध देत नाहीत, मधुमेह असला तरी. पुढे कधी जळजळ, ताप, कंबरेत दुखणं झालं तर अँटिबायोटिकचा पहिला डोस पोटात जाण्याआधी कल्चरची (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीची) डबी भरा. कल्चरची डबी निर्जंतुक लागते, लांब जाणार असेल तर बोरिक ॲसिडची मागा. एकाच जंतूच्या मिलिलिटरमागे १ लाख किंवा जास्त कॉलनी (जंतूंच्या वसाहती) आल्या तर त्याला वजन आहे. तीन-चार जातींची मिश्र वाढ आली तर सॅम्पल पुन्हा द्यायचं, औषध नाही. आणि पस सेल्स वारंवार, जंतू मात्र एकदाही उगवत नाहीत, असं कोणाचं चाललं असेल तर मूत्रपिंडाच्या टीबीची तपासणी मागून घ्यावी. नेहमीच्या कल्चरमध्ये तो जंतू वाढत नाही आणि आपल्या शहरात टीबी काही दुर्मिळ नाही. तसंच पन्नाशीनंतर लघवीतून उघड रक्त गेलं, दुखलं नाही, आपोआप थांबलं, तरी युरॉलॉजिस्टला दाखवायचंच, तंबाखू-सिगारेट असेल तर त्याच आठवड्यात.

तुमच्या आईंसाठी राहिलेली तपासणी वेगळीच आहे आणि ती दोन्ही रिपोर्टमध्ये नाही. मधुमेहात मूत्रपिंडावर होणारा परिणाम सुरुवातीला इतक्या थोड्या अल्ब्युमिनने दिसतो की स्ट्रिपचा 'नील' तिथे कामाचा नसतो. त्यासाठी लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर वर्षातून एकदा करायचं (क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंतून येणारं टाकाऊ द्रव्य). ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमच्या खाली नॉर्मल, ३० ते ३०० मध्ये औषधाने बराच आवर घालता येतो. सकाळची पहिली लघवी द्या, ताप किंवा संसर्ग नसताना द्या, वाढलेलं आलं तर पुढच्या तीन ते सहा महिन्यांत आणखी दोनदा करून बघा. तीनपैकी दोन वाढलेले निघाले तरच ते खरं धरतात. दादरला लेकीकडे असतानाच करून टाका आणि डबी स्वतः नेऊन द्या. फॉर्मवर फ्लोझिनच्या गोळीचं नाव लिहायला विसरू नका.